अकरा वर्षं सांगितलेली साक्ष

४ सप्टेंबर, गुरुवार

सही मी केली आहे, एवढं नक्की. शंका आहे ती सहीच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाची.

कुणाशी बोलता येत नाही म्हणून लिहायला बसले. लेकीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आहे. पुढून तिचं रसायनशास्त्र, मागून मी.

आमच्या कारखान्यात डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डोळा धुवायचं द्रावण बनतं. बाटल्या भरून झाल्या की ऑटोक्लेव्हमध्ये जातात. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा कुकर. आत ठरलेलं तापमान ठरलेला वेळ राहिलं नाही, तर जंतू मरत नाहीत. प्रत्येक खेपेला यंत्रावर एक गोल कागद चढवतात, घड्याळाच्या तबकडीसारखा, पण चोवीस तासांचा. पेन त्यावर तापमानाची रेघ ओढतं. खेप संपली की तो तक्ता माझ्याकडे येतो. मी तो पाहायचा, त्या मालाच्या फाइलीत लावायचा आणि सही करायची. मग माल सुटतो.

सव्वीस ऑगस्टला तीन नंबरच्या यंत्रात दोन खेपा झाल्या, सकाळी नऊला आणि दुपारी चारला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेपेची फाइल माझ्यापुढे होती आणि नवऱ्याचा फोन आला. त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवणार नाहीत, आजचा शेवटचा दिवस. "बघू, तू घरी जा आधी," असं काहीतरी म्हणत मी सही केली.

आज सकाळी कपड्यांच्या घड्या घालताना तो तक्ता अचानक डोळ्यांपुढे आला. रेघ नऊवर चढली होती. चारवर नाही.

तसं असेल तर एक तर दोन तक्त्यांची अदलाबदल झाली आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. नाहीतर दुपारच्या खेपेचा तक्ताच नाही, आणि दुपारी वाफ पुरेशी झाली की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. चार हजार बाटल्या आहेत. गोदामात आहेत. एकोणीस तारखेला जायच्या आहेत.

की रेघ चारवरच होती, आणि नऊची रेघ मी आज घड्या घालताना मनानेच तयार केली?

५ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांच्या दारापर्यंत गेले. आत कुणी नव्हतं, साहेब एकटेच चहा पीत होते. म्हणजे सबबही नव्हती. तरी परत फिरले.

फाइल आता रेकॉर्ड खोलीत सीलबंद आहे. उघडायची तर अर्ज, अर्जावर कारण, त्याखाली साहेबांची सही. म्हणजे बघायचं तरी आधी बोलावं लागणार.

मागच्या वर्षी लेबलावरच्या तारखेची शंका येऊन मी भरलेला ट्रक दोन दिवस उभा ठेवला होता. काही निघालं नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, शंका घरी ठेवून येत जा. पुढच्या वेळी पुरावा आणा." पॅकिंगमधल्या बायका अजून मला बघितलं की एकमेकींना विचारतात, "अगं, आपण नक्की आलोय ना कामावर?"

मला ते लागत नाही असं मी सगळ्यांना सांगते.

८ सप्टेंबर, सोमवार

नवऱ्याला सांगितलं. तो बटाटे सोलत होता. आठवडाभर तोच स्वयंपाक करतोय आणि भांडी अशी मांडतोय की मला चमचा सापडत नाही.

"हे बघ," तो म्हणाला, "तुला गॅसची शंका येते तेव्हा गॅस बंद असतो. दाराची येते तेव्हा दार बंद असतं. याचंही तसंच असणार."

"एकदा गॅस चालू होता."

"वीस वर्षांत एकदा."

"पण होता ना?"

त्याने पुढचा बटाटा घेतला. मग म्हणाला, "आत्ता तुझी एकटीची नोकरी आहे, एवढंच म्हणतोय." आणि लगेच, "असं म्हणायला नको होतं." मी म्हटलं, काही हरकत नाही. दोघांनीही बटाट्यांकडे बघितलं.

प्रार्थनेला बसले तेव्हा शब्द येईनात. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, असं झालं की देवाने पूर्वी काय केलं ते आठवावं, मोजून आठवावं. मी आठवलं. मला फार शोधावं लागत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याने मला याच कारखान्यात, याच कामात सोडवलं होतं. तेव्हाही तक्ताच होता. देवा, तेव्हा केलंस तसं आत्ता कर. मला काही करावं न लागता कर.

शेवटचं वाक्य मी खरंच म्हटलं का? म्हटलं. म्हणून लिहिते.

१० सप्टेंबर, बुधवार

कुकरची शिट्टी उडेना म्हणून मास्तरकडे गेले. मास्तर म्हणजे आमचा जुना ऑटोक्लेव्हवाला. अक्षर सुंदर, आणि दुसऱ्याचं वाईट अक्षर दिसलं की दुरुस्त करायचा, म्हणून मास्तर. आता पासष्टीचा आहे. कोपऱ्यावर टपरी टाकून कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतो. आमच्याच मंडळीतला, रविवारी माइक आणि पंखे त्याच्याकडे असतात.

"खोलीएवढा कुकर सांभाळला, आता वाटीएवढे सांभाळतो," हा त्याचा ठरलेला विनोद. मी ठरलेलं हसले.

"तीन नंबर चालू आहे का अजून?" त्याने विचारलं.

"आहे की."

"कागद बदलतात ना प्रत्येक खेपेला? त्याची कळ आळशी आहे. कागद नीट बसला नाही तर पेन टेकतच नाही."

"बदलतात," मी म्हटलं. हे खोटं झालं का? बदलतात हे खरंच आहे. त्या दिवशी बदलला का, हे त्याने विचारलं नव्हतं.

विषय टाळायला म्हटलं, "तुम्ही सुटलात मास्तर, वेळेवर." कंपनीने त्याला अकरा वर्षांपूर्वी वेळेआधी मोकळं केलं. निरोपाची वर्गणी मीच गोळा केली होती, भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

"हो, सुटलो खरा," तो म्हणाला आणि शिट्टी फुंकून बघितली. मजुरी घेतली नाही. माझ्याकडून तो कधीच घेत नाही, आणि कधी घरीही येत नाही. माणूस जरा विक्षिप्त आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज आमचा आठवणीचा रविवार. वर्षातून एकदा प्रत्येक घरातल्या एकाने उभं राहून देवाने केलेलं एक काम सांगायचं. नवीन असायला हवं असं नाही. उलट दर वर्षी तेच सांगतात, आणि पोरांना सगळ्यांचं सगळं पाठ असतं. वाहून चाललेल्या गाडीची साक्ष, हरवलेल्या जुळ्यांची साक्ष, माझी तक्त्याची साक्ष.

निघताना लेक म्हणाली, "आई, 'घशाला कोरड पडली' विसरू नकोस हं. मागच्या वर्षी गाळलंस, आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं झालं."

उभी राहिले. सांगितलं. मी नोकरीत नवी होते, पक्की व्हायला महिना राहिला होता. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस येणार होते. संध्याकाळी शेवटची फाइल चाळली तर तक्ता नाही. खाली माझी सही आहे, पण तक्ता नाही. तीनदा चाळली. घशाला कोरड पडली. (पोरांच्या बाकावर ओठ हलताना दिसले.) घरी येऊन गुडघे टेकले आणि म्हटलं, प्रभू, माझ्याने काही होणार नाही, तूच कर. सकाळी नऊला तपासनिसांसमोर फाइल उघडली, आणि तक्ता जागेवर होता.

मंडळी आमेन म्हणाली.

दर वर्षी सांगताना मला धीर येतो. आज मध्येच वाटलं की मी सांगत नाही, मागते आहे. जणू देवाला जुनी पावती दाखवतेय. 

मास्तर आज पुन्हा मध्येच उठून बाहेर गेला, तार बघायला. दर वर्षी नेमकी माझ्याच वेळी ती तार कशी बिघडते कोण जाणे.

१५ सप्टेंबर, सोमवार

काही झालं नाही. म्हणजे मी काही केलं नाही.

चार दिवस राहिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नीट लिहायला हवं. क्रमाने.

दहा वर्षांवरची कागदपत्रं फाडून टाकायचं काम निघालं आहे. नियमाप्रमाणे आमच्या विभागातल्या एकाने समोर बसून प्रत्येक वही चाळायची आणि 'नष्ट करावी' म्हणून सही द्यायची. मला पाठवलं. रेकॉर्ड खोलीच्या बाईंनी चौदा रजिस्टरं पुढ्यात टाकली. "या लवकर उरकून. कागदांची धूळ मला सोसत नाही."

नववं रजिस्टर रेकॉर्ड खोलीत येण्याजाण्याचं होतं. कोण आलं, किती वाजता, कुठली फाइल काढली, कशासाठी. वर्ष बघितलं आणि माझा महिना काढला. खरं सांगायचं तर मौजेने काढला. ज्या दिवशी देवाने माझ्यासाठी काम केलं, त्या दिवसाचं पान बघायचं होतं.

सकाळी सहा पंचवीस. फाइलीचा क्रमांक, जो मला माझ्या वाढदिवसासारखा पाठ आहे. शेजारच्या फाइलीचाही क्रमांक. आणि ते सुंदर अक्षर: 'तक्ता शेजारच्या फाइलीत लावला गेला होता. चूक माझी. काढून योग्य फाइलीत लावला.' खाली मास्तरची सही. त्याखाली लाल शाईत, तेव्हाच्या साहेबांच्या हाताने: 'विनापरवाना. तपासणीच्या दिवशी. कारवाई करावी.'

यंत्रावरचा माणूस तक्ता फाइलीत लावत नाही. तेव्हाही लावत नव्हता. तक्ता मी लावते. शेजारच्या फाइलीत मी लावला होता.

पानावरची तारीख आणि मास्तरच्या निरोपाची तारीख, मध्ये बारा दिवस.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"हे एक राहू द्या."

"का?"

"पान सुटलंय. परत बघायला लागेल." पान सुटलं नव्हतं.

तेरा वह्यांवर सह्या केल्या. दारातून बाहेर पडताना सीलबंद फाइलींचं कपाट डाव्या हाताला होतं. सव्वीस ऑगस्टची फाइल खालून दुसऱ्या फळीवर असणार. हात लांब केला असता तर पोचला असता. माझा हात पोचत असूनही मी तो लांब करत नाही, याला मी इतकी वर्षं प्रामाणिकपणा म्हणत आले.

१७ सप्टेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत टपरीवर गेले. मास्तर एका झाकणाची कड पुसत होता.

"मास्तर, रजिस्टर बघितलं मी. सहा पंचवीसचं."

तो पुसत राहिला. "अजून फाडलं नाही ते? दहा वर्षांनी फाडतात ना?"

"'चूक माझी' असं का लिहिलंत तुम्ही?"

"मग काय लिहू? तुझं नाव? तुझी नोकरी पक्की व्हायची होती, पोरगी एवढीशी. मला वाटलं, जुना माणूस म्हणून ताकीद देतील आणि सोडतील. नोकरी जाईल असं वाटलं असतं तर बहुतेक नसतं लिहिलं. मला उगाच संत करू नकोस."

"आणि मी दर वर्षी तिथे उभी राहून..."

"मग मी काय करायला हवं होतं? मध्येच उठून सांगू, थांबा मंडळी, तो मी होतो?" तो हसला.

"हसू नका हो."

"बरं, नाही हसत. पहिल्या वर्षी राग आला होता, खोटं कशाला सांगू. बाहेर जाऊन उभा राहिलो. पुढच्या वर्षी राग नव्हता, पण आत बसवेना. त्या ओळीत मी खोटं लिहिलं होतं, पोरी. चूक माझी नव्हती. आणि त्यावर सगळे आमेन म्हणणार."

अकरा वर्षं. मी आत आभार मानत होते आणि हा बाहेर तार धरून उभा होता, स्वतःच्या खोट्यापायी. मी म्हटलं, "म्हणजे देवाने काही केलंच नव्हतं. तुम्ही केलं."

त्याने पहिल्यांदा फडकं खाली ठेवलं. "त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती. दुपारी दोनची. सकाळी सहाला मी तिथे कशाला गेलो, मला आजही सांगता येत नाही. बायकोला म्हटलं, डबा विसरलोय तिकडे. डबा ओट्यावर होता, ती बघत होती."

"मग?"

"मग काय? गेलो. तू आदल्या संध्याकाळी रडवेली होऊन फाइल चाळत होतीस ते बघितलं होतं. शेजारच्या दोन बघितल्या, दुसरीत सापडला. पुढचं मला विचारू नकोस. मला कुकर कळतो."

मला यावर काय वाटायला हवं ते कळेना. अजून कळत नाही. तिथे उभं राहून मी त्याला सगळं सांगून टाकलं. तीन नंबर, नऊची रेघ, चारची खेप, नवऱ्याचा फोन.

"माल कुठाय?" त्याने विचारलं.

"गोदामात. शुक्रवारी जाणार."

"मग इथे काय करतेयस?"

मला वाटलं होतं तो मला समजून घेईल. त्याने कुकर उचलला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला."

परत जाऊन साहेबांच्या खोलीत डोकावले. ते बाहेरगावच्या बैठकीला गेले होते, उद्या येणार. मला हायसं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

घरी नवऱ्याला सांगितलं, उद्या बोलणार आहे. तो बराच वेळ टेबल पुसत राहिला, स्वच्छ होतं तरी. मग म्हणाला, "दोघं घरी बसलो तर निदान भांडायला वेळ मिळेल. हल्ली घाईघाईत भांडतो आपण."

१८ सप्टेंबर, गुरुवार

साडेनऊला साहेबांसमोर.

"पुरावा?" ते म्हणाले.

"नाही. आठवण आहे."

"आठवण!" त्यांनी पेन टेबलावर टाकलं. "मॅडम, लॅबची चाचणी पास आहे."

"चार हजारांतल्या वीस बाटल्यांची."

"आणि मागच्या वर्षी?"

"मागच्या वर्षी मी चुकले होते. आजही चुकत असेन. फाइल उघडून बघू या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी अर्ज पुढे सरकवला. अर्ज मी लिहूनच आणला होता. कारणाच्या रकान्यात 'सही करताना माझं लक्ष नव्हतं' असं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

फाइल उघडली. रेघ नऊवर.

सकाळच्या खेपेची उघडली. तिथेही नऊवर. कोपऱ्यात यंत्राचा क्रमांक दोन. दोन नंबरची फाइलही मागवली, तिच्यात तिचा स्वतःचा तक्ता नव्हताच; तो सकाळच्या फाइलीत आला होता आणि सकाळचा दुपारच्या. तिन्ही फाइली टेबलावर पसरून साहेब, मी आणि रेकॉर्डच्या बाई वाकून बघत होतो. चारची रेघ कुठेच नव्हती. पेन टेकलंच नव्हतं, की वाफच झाली नव्हती, कुणाला माहीत? तिन्ही फाइलींवर माझी सही होती.

साहेबांनी गोदामाला फोन केला. अर्धा माल चढवून झाला होता. त्यांनी तो उतरवायला सांगितला. मला "तुम्ही बसा" म्हणाले, मग "नको, जा तुम्ही" म्हणाले.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं नाही.  चार हजार डोळे, आणि मी चौदा दिवस वहीत लिहीत बसले होते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चौकशीचा फॉर्म भरायला बोलावलं. सहा प्रश्न. पाच मी भरले. सहावा: 'अशा प्रकारची चूक आपल्याकडून यापूर्वी झाली आहे का?'

साहेब समोर होते. काल रागावले होते, आज थकलेले दिसले. त्यांनी माझी सेवापुस्तिका काढून ठेवली होती. "तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे मॅडम. एक ताशेरा नाही. तुम्ही स्वतः सांगायला आलात, माल बाहेर गेला नाही. पहिलीच चूक असेल तर ताकिदीवर भागेल. मी तसं लिहिणार आहे. 'नाही' लिहा."

मी 'होय' लिहिलं.

"मॅडम?"

"अकरा वर्षांपूर्वी झाली होती."

"तुमच्या पुस्तिकेत नाही."

"दुसऱ्याच्या पुस्तिकेत आहे."

तपशिलाला दोन ओळी दिल्या होत्या. मी तारीख लिहिली, दोन्ही फाइलींचे क्रमांक लिहिले, तक्ता चुकीच्या फाइलीत मी लावला असं लिहिलं. मास्तरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याने 'चूक माझी' असं लिहिलं ते खरं नाही, ती माझी होती, त्यासाठी त्याला काढण्यात आलं, नोंद अमुक रजिस्टरात आहे, ते रजिस्टर मी खोटं कारण सांगून फाडण्यापासून थांबवलं आहे, तेही नोंदवावं. ओळी संपल्या. आणखी एक कागद मागितला.

"अकरा वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय तुम्हाला?" साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"प्रश्नात तारीख दिलेली नाही, साहेब."

त्यांनी कागद दिला. मी लिहीत असताना ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून विचारलं, "तो आहे का अजून, तो माणूस?"

"आहे. कोपऱ्यावर कुकर दुरुस्त करतो."

"मग त्यालाही बोलवावं लागेल," ते म्हणाले. "जुनी कारवाई चुकीची ठरली तर ती बदलावी लागेल. आणि तुमच्याबद्दल आता मला काही सांगता येणार नाही."

"हो."

जोडपत्रावर प्रत्येक घटनेपुढे कारणाचा रकाना असतो. तक्ता शेजारच्या फाइलीत का गेला? घाई. सही न बघता का केली? घाई. परवान्याशिवाय फाइल का उघडली? सहकाऱ्याला वाचवण्यासाठी. एवढं जमलं. मग, दुसऱ्या पाळीचा कामगार सकाळी सहाला कामावर का आला? तिथे मी पेन टेकवून थांबले. डबा लिहिलं तर खोटं. माहीत नाही असं लिहिलं तर तेही पुरतं खरं वाटेना.

आमच्याकडे रकाना कोरा ठेवता येत नाही. मागाहून कुणी काही भरू नये म्हणून आडवी रेघ मारून सही करायची, हा पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम. मीच गेली सात वर्षं नव्या लोकांना तो शिकवते.

साहेबांनी फॉर्म चाळला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे रेघ राहिली."

"नाही," मी म्हटलं. "ते तसंच असू द्या."